अंबरनाथ-उल्हासनगर फिरायला गाईड कशाला हवा?

कल्याण सुटलं की कर्जतच्या लोकलमध्ये विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्टेशनं एकामागून एक येतात. रोज लाखो लोक इथं चढतात-उतरतात. कुणी एमआयडीसीत ड्युटीला निघालेलं असतं, कुणी लग्नाच्या कपड्यांची खरेदी करायला, कुणी दिवसभर राबून घरी. पण "फिरायला आलोय" असं म्हणणारा माणूस इथं क्वचितच भेटतो.

बँकॉक, हनोई किंवा टोकियोला जाणारे पर्यटक एका दिवसासाठी खासगी लोकल गाईड घेतात. गर्दीचं शहर, अनोळखी भाषा आणि हातात मोजके तास. अशा वेळी शहर ओळखणारा माणूस सोबत असला की बरं पडतं. मग मुंबईपासून साधारण ६० किलोमीटरवर असलेल्या या पट्ट्यात गाईड घेऊन फिरायचं ठरवलं तर? इथं बघण्यासारखं काय आहे, ते दाखवायचा अधिकार कुणाला आहे आणि गाईड निवडताना काय तपासायचं? समजून घेऊया.

खासगी लोकल गाईड म्हणजे नेमकं काय?

टूर कंपनीच्या बसमध्ये ४० जण, हातात झेंडी धरलेला एक माणूस आणि प्रत्येक ठिकाणी २० मिनिटं, असा प्रकार आपल्याला माहीत असतो. खासगी गाईडचं काम वेगळं असतं. तो फक्त तुमच्यासाठी किंवा तुमच्या कुटुंबासाठी असतो. वेळ आणि रस्ता तुमच्या सोयीनं ठरतो.

प्रत्येक देशात याचे नियम वेगळे आहेत. थायलंडमध्ये गाईडचं काम थाई नागरिकांसाठीच राखीव आहे आणि त्यासाठी परवाना लागतो. सिंगापूरमध्येही पैसे घेऊन गाईडचं काम करायला परवाना बंधनकारक आहे. जपाननं मात्र २०१८ मध्ये कायदा बदलला आणि परवाना नसलेल्यांनाही पैसे घेऊन परदेशी पर्यटकांना फिरवायची मुभा दिली. न्यूयॉर्कमध्ये तर १९९२ मध्ये आपलं शहर पाहुण्यांना फुकट दाखवणाऱ्या स्वयंसेवकांची चळवळ सुरू झाली आणि पुढे ती जगभरातल्या अनेक शहरांत पोहोचली.

भारतात गाईड कोण होऊ शकतं?

केंद्रीय पर्यटन मंत्रालय प्रशिक्षित गाईडना परवाने आणि ओळखपत्रं देतं. २०२० पासून मंत्रालयानं ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रमही सुरू केला, म्हणजे छोट्या गावातल्या तरुणांनाही हे काम शिकता यावं.

पण तुम्हाला एखाद्या मित्रानं त्याची गल्ली, बाजार किंवा खाऊगल्ली दाखवली, तर त्यासाठी त्याला परवाना लागत नाही. प्रश्न येतो तो संरक्षित स्मारकाच्या आवारात. प्राचीन स्मारकांबाबतच्या १९५९ च्या नियमांनुसार, केंद्र संरक्षित स्मारकात पैसे घेऊन पर्यटकांना फिरवायचं असेल तर पुरातत्त्व अधिकाऱ्याचा परवाना लागतो. अंबरनाथचं शिवमंदिर असंच केंद्र संरक्षित स्मारक आहे. म्हणजे मंदिरात तुम्हाला कुणी पैसे घेऊन माहिती सांगणार असेल, तर ओळखपत्र मागणं हा तुमचा हक्क आहे. त्यात कुणाचा अपमान नाही.

पहिला थांबा : ९६० वर्षांहून जुनं मंदिर

अंबरनाथ स्टेशनच्या पूर्वेला रिक्षानं थोडंसं गेलं की काळ्या दगडातलं शिवमंदिर दिसतं. आवारात कुणालाही विचारा, दोन उत्तरं हमखास मिळतात. पहिलं म्हणजे "पांडवांनी एका रात्रीत बांधलं" आणि दुसरं म्हणजे "हेमाडपंती आहे".

चांगला गाईड आणि नुसता बडबड्या गाईड यांतला फरक इथंच कळतो.

मंदिरात एक शिलालेख आहे. सुरुवातीला त्यावरचं साल शके ७८२ असं वाचलं गेलं होतं. नंतरच्या अभ्यासकांनी ते शके ९८२, म्हणजेच इ.स. १०६० असल्याचं दाखवून दिलं. एका आकड्यानं मंदिराचं वय २०० वर्षांनी बदललं. शिलालेखात उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या मम्वाणी उर्फ मुम्मुणी राजाचं नाव येतं.

आता हेमाडपंताचा हिशोब करू. हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, १३ व्या शतकातला. म्हणजे हे मंदिर उभं राहिलं तेव्हा हेमाडपंताच्या जन्मालाही बराच अवकाश होता. मंदिराच्या शिखराची शैली 'भूमिज' म्हणून ओळखली जाते. यात मोठ्या शिखरावर छोट्या छोट्या शिखरांच्या प्रतिकृती उभ्या आणि आडव्या रांगांमध्ये रचलेल्या असतात. सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर पाहिलं असेल तर ही रचना लगेच लक्षात येईल. अंबरनाथच्या शिखराचा बराचसा भाग आज शिल्लक नाही, पण खालच्या भागावरून अंदाज बांधता येतो. गर्भगृह जमिनीच्या पातळीपेक्षा खोल आहे आणि पायऱ्या उतरून तिथं जावं लागतं.

१८६८ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचं पथक इथं आलं होतं. त्यांनी मंदिराची मोजमापं घेतली, रेखाटनं केली, शिल्पांचे साचे काढले. त्याआधी १२ वर्षं, १८५६ मध्ये, कल्याणहून खोपोलीकडं जाणारी रेल्वे याच भागातून सुरू झाली होती.

हे सगळं मोबाईलवरही वाचता येतं. मग गाईड कशाला? कारण मोबाईल तुम्हाला मंदिरापाशी नेऊन सोडतो. मंदिराच्या कडेनं वाहणाऱ्या काळ्या पाण्याकडं बोट दाखवत नाही.

दुसरा थांबा : वालधुनी

तो नाला नाही. ती वालधुनी नदी आहे.

वालधुनी अंबरनाथजवळच्या डोंगरात, काकोळे परिसरात उगम पावते. तिथं रेल्वेनं बांधलेला जुना तलाव आहे. लोक त्याला आजही 'जीआयपी टँक' म्हणतात, कारण तो बांधणारी रेल्वे होती ग्रेट इंडियन पेनिन्सुला. पुढे नदी अंबरनाथमधून मंदिराला खेटून जाते, उल्हासनगर ओलांडते आणि कल्याणजवळ उल्हास नदीच्या खाडीला मिळते. उगमाकडचं पाणी आणि उल्हासनगरमधलं पाणी एकाच दिवशी पाहिलं तर ही एकच नदी आहे यावर विश्वास बसत नाही.

या दोन टोकांच्या मधे वस्त्यांचं सांडपाणी आहे, कारखाने आहेत आणि रसायनं आणून ओतणारे टँकरही. २०१४ च्या नोव्हेंबर अखेरीस उल्हासनगरमध्ये नदीत रसायन सोडलं गेलं. वायूचा त्रास होऊन शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. 'वनशक्ती' या संस्थेनं उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरोधात राष्ट्रीय हरित लवादात दाद मागितली होती. २०१५ मध्ये लवादानं सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आणि स्थानिक संस्थांना दंड ठोठावला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि उल्हासनगरमधल्या जीन्स धुण्याच्या कारखान्यांवरही गदा आली.

म्हणजे तुमच्या अंगावरच्या जीन्सचा निळा रंग, शिलाहारांचं मंदिर आणि रेल्वेचा तलाव एकाच नदीच्या काठावर भेटतात. ही साखळी जोडून दाखवणं हेच लोकल गाईडचं खरं काम आहे.

तिसरा थांबा : एमआयडीसी, पण गेटच्या बाहेरून

अंबरनाथची ओळख कारखान्यांचं शहर अशी झाली ती एमआयडीसीच्या कितीतरी आधी. १९२३ मध्ये एका स्वीडिश कंपनीनं काडेपेट्या बनवणारी 'विम्को' सुरू केली आणि अंबरनाथला तिचा मोठा कारखाना उभा राहिला. कारखाना बंद पडला, पण 'विम्को नाका' हे नाव रिक्षावाल्यांच्या तोंडी अजून आहे. १९५३ मध्ये इथं संरक्षण खात्याचा आयुध निर्माणी कारखाना सुरू झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी स्थापन झालं आणि मग आनंदनगर, मोरिवली, वडोल, चिखलोली अशा भागांत केमिकल, औषधं आणि इंजिनीअरिंगचे कारखाने वाढत गेले. त्यांना लागणारं पाणी एमआयडीसीच्याच बारवी धरणातून येतं. हेच पाणी आसपासच्या शहरांनाही पुरवलं जातं.

इथं दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवायच्या. एक, कारखान्यात शिरायला कंपनीची आगाऊ परवानगी लागते. "आपली ओळख आहे, आत सोडतील" असं सांगणाऱ्या गाईडवर विसंबू नका. केमिकल प्लांटमध्ये तुमच्या जिवाचाही प्रश्न असतो. दोन, आयुध निर्माणी आणि संरक्षण खात्याच्या इतर संस्थांच्या परिसरात फोटो, व्हिडिओ, ड्रोन यातलं काहीही नको. शासकीय गोपनीयता कायद्यानुसार ही ठिकाणं प्रतिबंधित मानली जातात. रीलसाठी पोलीस स्टेशनची वारी परवडणारी नाही.

मग बघायचं काय? शिफ्ट सुटायची वेळ बघायची. सायरन, कंपनीच्या बसेस, चहाच्या टपरीवर एकाच वेळी ऐकू येणाऱ्या चार-पाच भाषा. इथं वर्षानुवर्षं काम केलेला माणूस सोबत असेल, तर कुठल्या शेडमध्ये कधी काय बनायचं आणि आता तिथं काय आहे, हे तो चालता चालता सांगतो. ही माहिती कुठल्याही नकाशावर नाही.

चौथा थांबा : बराकींचं शहर

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा एक मोठा तळ होता, 'कल्याण कॅम्प'. युद्ध संपलं, तळ रिकामा झाला. १९४७ मध्ये फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांना या बराकींमध्ये आणण्यात आलं. लाखभर माणसं, एकेका बराकीत कित्येक कुटुंबं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीचं नामकरण झालं ते तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते. नाव ठेवलं उल्हासनगर.

आजही इथला पत्ता 'कॅम्प नंबर'नंच सांगतात, एक ते पाच. बाहेरून आलेल्याला वाटतं हा नुसता पिनकोडसारखा आकडा आहे. गाईड सांगतो की तो लष्करी तळाचा हिशोब आहे आणि ७५ वर्षांनंतरही पुसलेला नाही.

फर्निचर मार्केट, कपड्यांचं गजानंद मार्केट, जपानी बाजार, सकाळची दाल-पकवान, झुलेलालची मंदिरं आणि ४० दिवसांचं चालिया व्रत हे सगळं पाहता-खाता येतं. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोदही हमखास ऐकायला मिळतो. पण तो विनोद बाहेरच्यांनी करणं आणि उल्हासनगरकरानं स्वतः करणं यात फरक आहे. घरदार सोडून आलेल्या माणसांनी मिळेल ती वस्तू बनवून, विकून पुन्हा संसार उभा केला. त्या विनोदाच्या मागं हा इतिहास आहे.

आणि इथंच घाई करायला हवी. फाळणीच्या वेळी जे १० वर्षांचे होते, ते आज नव्वदीच्या आसपास आहेत. बराकीत पहिली रात्र कशी काढली हे स्वतःच्या आठवणीतून सांगणारी माणसं दरवर्षी कमी होतायत. जुन्या बराकींच्या जागी इमारती उभ्या राहिल्यात. माणूसही गेला आणि बराकही गेली, की मागं उरतो फक्त कॅम्पचा नंबर.

बदलापूरला जायचं का?

दिवस शिल्लक असेल तर नक्की. कल्याणहून पुढे जाणारे इथं घोडे बदलायचे, म्हणून बदलापूर, अशी लोककथा आहे. उन्हाळ्याच्या शेवटी इथली जांभळं बाजारात येतात. त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालंय. पावसाळ्यात मात्र स्थानिकांचा शब्द शेवटचा माना. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणी दरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली होती. कोंडेश्वरसारख्या धबधब्यांवर जायचं की नाही, हे रील बघून नाही, तिथल्या माणसाला विचारून ठरवा.

गाईड ठरवताना काय विचारायचं?

– पैसे किती आणि त्यात काय धरलंय? रिक्षा, नाश्ता, चहा वेगळा का? हे आधीच ठरवा.

– मंदिरात माहिती सांगायचा परवाना आहे का?

– किती वेळ चालावं लागेल? सोबत आजी-आजोबा किंवा लहान मुलं असतील तर आधी सांगा.

– दुकानांत नेल्यावर कमिशन मिळतं का? सरळ विचारा. चांगला गाईड लपवत नाही.

– सांगितलेली गोष्ट इतिहास आहे की आख्यायिका? दोन्ही ऐका, पण फरक विचारा.

– फोटो कुठं काढायचे नाहीत? धारावीत टूर नेणाऱ्या 'रिअॅलिटी टूर्स'नं पर्यटकांना फोटो काढायलाच मनाई केली, कारण तिथं राहणारी माणसं ही प्रदर्शनातली वस्तू नाहीत. हाच नियम बराकीत आणि कामगार वस्तीतही पाळायला हवा.

मग गाईड मिळणार कुठं?

ताजमहालाबाहेर गाईड तुमच्या मागे लागतात. अंबरनाथ स्टेशनबाहेर फक्त रिक्षावाले "विम्को नाका, विम्को नाका" ओरडत असतात. इथं गाईड शोधावा लागतो. तो निवृत्त कामगार असेल, इतिहासाचे शिक्षक असतील, कॅम्पमधल्या दुकानात बसलेले काका असतील किंवा नदीसाठी झटणारा एखादा कॉलेजचा पोरगा. त्यांचा वेळ फुकटचा समजू नका. मानधन विचारा आणि द्या.

हे शहर तुमचंच असेल, तर सुरुवात घरापासूनही करता येईल. येत्या रविवारी आजोबांना सोबत घ्या आणि त्यांच्या पहिल्या नोकरीच्या गेटपर्यंत चालत जा. वाटेत ते जे सांगतील, ते मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा.