नायट्रोफ्युरान अवशेष (कोळंबीतील)

तळ्यात वाढवलेल्या कोळंबीच्या मांसात नायट्रोफ्युरान गटातील जीवाणुनाशक औषधांचे उरणारे अंश. फ्युराझोलिडोन, फ्युराल्टाडोन, नायट्रोफ्युराझोन व नायट्रोफ्युरान्टॉइन ही या गटातली प्रमुख औषधे. स्वस्त म्हणून ती एकेकाळी कोंबड्या, डुकरे व मासे यांना सर्रास दिली जात. त्यांपासून कर्करोगाचा धोका दिसल्याने युरोपीय संघाने १९९५ पर्यंत अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत ती पूर्ण बंद केली. भारतातही कोळंबीशेतीत त्यांना मनाई आहे. (नायट्रोफ्युरान्टॉइन माणसांना मूत्रमार्गाच्या संसर्गावर आजही देतात, पण डॉक्टरांनी मोजून दिलेली गोळी वेगळी आणि ताटात नकळत आलेले औषध वेगळे.)

मूळ औषध प्राण्याच्या अंगात काही तासांतच मोडते. त्याचे तुकडे मात्र प्रथिनांना चिकटून कित्येक आठवडे टिकतात, आणि कोळंबी तळली किंवा कालवणात शिजवली तरी बव्हंशी तसेच राहतात. म्हणून तपासणीत औषध न शोधता हा तुकडाच शोधतात. वाटलेल्या मांसात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल व नायट्रोबेन्झाल्डिहाइड घालून ते ३७ अंश सेल्सियसला रात्रभर ठेवतात. आम्लाने तुकडा प्रथिनापासून सुटतो, नायट्रोबेन्झाल्डिहाइड त्याला जोडले जाते, आणि मग तो वस्तुमानमापक यंत्राला नेमका सापडतो. युरोपात कारवाईची पातळी किलोला १ मायक्रोग्रॅम होती. नोव्हेंबर २०२२ पासून ती ०.५ झाली, म्हणजे टनभर कोळंबीत अर्धा मिलिग्रॅम.

२०१६ साली युरोपीय संघाने भारतीय शेतीच्या कोळंबीची नमुना-तपासणी १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेली. युरोपला जाणाऱ्या मालाची काढणीपूर्व तपासणी सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाच्या प्रयोगशाळांत होते. गावच्या बाजारात येणाऱ्या टोपलीला अशा तपासणीची अट नाही; ही उणीव गंभीर आहे, कारण खाणाऱ्याचे शरीर इथले काय नि तिथले काय, सारखेच.

मर सुरू झाली की हवालदिल शेतकरी खाद्यात मिळेल ते औषध कालवतो. पण मर घडवणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग विषाणूचा. त्यावर कोणतेही प्रतिजैविक चालत नाही. पैसा जातो आणि अवशेष उरतात. बंदी असलेले औषध हॅचरीतल्या बीजातून किंवा घटक न छापलेल्या खाद्यपूरकातूनही तळ्यात येऊ शकते.

नायट्रोफ्युराझोनचा तुकडा, सेमिकार्बाझाइड, काही कोळंब्यांच्या कवचात निसर्गतःही आढळतो. निर्दोष शेतकऱ्याचा माल त्यापायी नाकारला जाऊ नये, यासाठी नमुना घेताना कवच पूर्ण सोलून फक्त आतले मांस घ्यावे लागते.