लेबल तेच, धातू वेगळा: हायड्रोजन आणि प्रिंट केलेले भाग

संशोधनासाठी तुमच्यापैकी कुणी 'प्रिंट केलेले धातू आणि हायड्रोजन' हा विषय बघत असाल, तर नवे पेपर उघडण्याआधी एक फार जुना पेपर वाचा. वर्ष 1875, लंडनची रॉयल सोसायटी, लेखक विल्यम जॉन्सन. भाषा सोपी आहे आणि आज आपण ज्यात अडकलोय त्या प्रश्नाचं मूळ तिथंच आहे.

जॉन्सनने केलं काय? लोखंडाची तार तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात थोडा वेळ बुडवली. आधी जी तार दोन-तीनदा पुढेमागे वाकवली तरी टिकायची, ती आता एकदा वाकवली की काडकन मोडायला लागली. आता तुम्ही म्हणाल, आम्लाने तार खाल्ली, त्यात काय विशेष! पण ती तार तशीच ठेवून दिली की हळूहळू तिचा चिवटपणा परत यायचा. गरम केली तर लवकर यायचा. खाल्लेलं लोखंड असं परत येत नसतं. म्हणजे आत काहीतरी शिरलं होतं आणि ते बाहेर पडलं. मोडलेलं टोक ओलं केलं की त्यावर बुडबुडे दिसायचे. मग त्याने आम्लं बदलून पाहिली, तेव्हा लक्षात आलं की लोखंडाशी क्रिया होताना ज्यांतून हायड्रोजन निघतो तीच आम्लं तारेला ठिसूळ करतात. साधी तार, साधी आम्लं, पण एकेक शक्यता कशी बाद केलीय ते बघा. प्रयोगाची आखणी शिकायला मला तरी यापेक्षा चांगला नमुना माहीत नाही.

आजही कडक पोलादी बोल्टवर विद्युत मुलामा दिला की ते काही तासांच्या आत साधारण 190 ते 200 अंश सेल्सिअसला भट्टीत ठेवतात, हायड्रोजन निघून जावा म्हणून. म्हणजे जॉन्सनचाच उपाय.

हायड्रोजन दोषी आहे हे कळलं, पण तो नेमकं करतो काय यावर मात्र भांडण लागलं आणि ते अजून मिटलेलं नाही. 1926 मध्ये फाइल म्हणाला, धातूच्या कणांमधली पकडच सैल होते. 1941 मध्ये झॅफी आणि सिम्स म्हणाले, आतल्या पोकळ्यांत वायू साठून दाब वाढतो. 1960 मध्ये ट्रोयानोने पुन्हा अणूंमधली पकड कमी होण्यावर बोट ठेवलं. 1972 मध्ये बीचमने उलटंच मांडलं: हायड्रोजनमुळे भेगेच्या टोकाशी धातू जास्त सहज सरकतो आणि ती सगळी हालचाल एकाच जागी गोळा होऊन तो तुटतो. व्हायवात 'यंत्रणा कोणती?' असा प्रश्न आला तर एकच नाव घेऊन मोकळे होऊ नका. कोणता धातू आणि हायड्रोजन कुठून आला, हे आधी विचारा.

इंजिनिअर लोकांना भांडण मिटेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. रॉकेटला द्रव हायड्रोजन लागायचा. मग नासासाठी रॉकेटडाइन कंपनीच्या वॉल्टर आणि चँडलर यांनी 10,000 पीएसआय दाबाच्या हायड्रोजनमध्ये एकेक मिश्रधातू ओढून तोडला आणि 1969 च्या अहवालात त्यांची प्रतवारी लावली: फार नुकसान, बरंच नुकसान, थोडं, नगण्य. जास्त ताकदीची पोलादं वरच्या वर्गात गेली. 316 हे स्टेनलेस स्टील 'नगण्य' मध्ये बसलं. हायड्रोजनसाठी 316 सुरक्षित, ही आपल्या क्षेत्रातली समजूत अशा तक्त्यांतून पक्की झाली.

खरी मेख इथंच आहे. त्या तक्त्यात वितळवून, ओतून, लाटून, तापवून केलेलं 316 होतं. तक्त्यावर नाव रासायनिक घटकांचं आहे, चाचणी मात्र त्या पूर्वेतिहासासकट धातूची झाली होती. तेव्हा हा फरक बोचला नाही, कारण 316 बनवायची रीत साधारण एकच होती. 1990 च्या दशकात जर्मनीत आखेनच्या फ्राउनहोफर संस्थेत लेझरने धातूची पावडर पूर्ण वितळवून थरावर थर चढवण्याचं तंत्र उभं राहिलं आणि त्या नावाला दुसरा पूर्वेतिहास जोडला गेला.

प्रिंटरमध्ये एकेक थर काही दशक मायक्रॉन जाडीचा असतो आणि वितळलेला धातू सेकंदाला लाखो अंश या वेगाने थंड होतो. त्यातून आकाराने एका मायक्रॉनहून लहान कोठड्यांची जाळी तयार होते आणि त्यांच्या भिंतींत डिस्लोकेशनची दाटी असते. कण थरांना छेदून उभे वाढतात, म्हणून आडवा आणि उभा नमुना वेगवेगळं वागतो. शिवाय बारीक छिद्रं आणि आत कोंडलेला ताण आहेच. या कोठड्यांमुळे प्रिंट केलेलं 316एल नेहमीच्यापेक्षा बरंच मजबूत होतं. पण हायड्रोजन अडकून बसायला त्याच भिंती जागा देतात. हे चांगलं की वाईट? काही पेपरांत प्रिंट केलेला धातू जुन्याइतकाच टिकतो, काहींत त्याची ताणक्षमता जास्त घटते.

निकेलच्या 718 मिश्रधातूत गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. झटपट थंड होताना त्यात नायोबियम एका जागी गोळा होतं. अशा भागाला घडीव 718 ची ठरलेली उष्णता-प्रक्रिया जशीच्या तशी दिली, तर त्या जागी डेल्टा नावाचा टप्पा वाढू शकतो आणि हायड्रोजन असताना भेगेला तीच वाट मिळते. आधी जास्त तापमानाला ठेवून नायोबियम सगळीकडे सारखं पसरवावं लागतं.

हे फक्त पेपरांपुरतं नाही. 2013 च्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड पुलाच्या नव्या भागात पोलादी सळया ताणून बसवल्या आणि दोन आठवड्यांत 96 पैकी 32 तुटल्या. त्या प्रिंट केलेल्या नव्हत्या, चांगल्या परिचित दर्जाच्या होत्या. दर्जाचं नाव बरोबर होतं, पण कडकपणा आणि साठलेलं पाणी यांनी घात केला. आज भारतात राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचं 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं लक्ष्य आहे. त्यासाठीच्या झडपा आणि जोडण्या प्रिंट करायचा मोह कुणालाही होईल, नाही का?

आता पेपर वाचताना एक हिशेब जवळ ठेवा. 316 मध्ये खोलीच्या तापमानाला हायड्रोजनचा विसरणांक साधारण 10 चा उणे 16 वा घात वर्गमीटर प्रतिसेकंद इतका असतो. एक दिवस म्हणजे 86,400 सेकंद. दोन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ काढा: साधारण 3 मायक्रॉन. म्हणजे कुणी एक दिवस विद्युत-रासायनिक पद्धतीने नमुना चार्ज करून 'प्रिंट केलेलं 316एल हायड्रोजनला दाद देत नाही' असं लिहिलं असेल, तर बहुधा त्याने एक पातळ पापुद्रा तपासला, आतल्या धातूपर्यंत हायड्रोजन पोहोचलाच नाही. याउलट कुणी 300 अंशांच्या आसपास, जास्त दाबाच्या वायूत कित्येक दिवस चार्ज केलं असेल, तर त्याचा निकाल वेगळा येणारच. वाद धातूचा वाटतो, पण बऱ्याचदा तो चार्जिंगचा असतो. हायड्रोजन किती खोल गेला हा आकडा पेपरात दिलेला नसेल, तर नमुन्याची जाडी, तापमान आणि चार्जिंगचे तास घेऊन आपल्यालाच तो काढावा लागतो.