स्कूटर : चालताना इंजिन बंद पडणे

रस्त्यात चालती स्कूटर अचानक किंवा गचके खात बंद पडणे हा दुचाकीचा नेहमीचा बिघाड. सकाळी किक मारूनही गाडी सुरू न होणे हे वेगळे दुखणे, त्याची कारणेही बरीच वेगळी. इंजिन चालत राहायला पेट्रोल, हवा, ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब ही चारही एकाच वेळी लागतात. यांपैकी कशाने दगा दिला, हे गाडी कशी बंद पडली त्यावरून पुष्कळसे कळते आणि ते फक्त चालवणाऱ्यालाच ठाऊक असते. गॅरेजपर्यंत ढकलत नेईतो इंजिन थंड होते, पहिल्या किकला सुरू होते आणि मेकॅनिकच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून बंद पडण्याआधीचे चार-पाच क्षण नीट ध्यानात ठेवणे, हे या बिघाडातले निम्मे काम आहे.

डहाणू तालुक्यातील सरावली व तिच्या आसपासच्या भागात हा बिघाड जास्त बोचतो. जवळच अरबी समुद्र, त्यामुळे हवा खारी आणि दमट. वर्षाला सुमारे 2,000 मिमी पाऊस, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पश्चिमेला डहाणू रोड स्थानक, पूर्वेला चारोटी-कासा आणि पुढे जव्हारचा चढ, उत्तरेला तलासरीवरून गुजरातची हद्द. एसटी आणि रिक्षा जिथे संपतात तिथून पाड्यापर्यंत दुचाकीच न्यावी लागते. गॅरेज नाक्यावर असते, गाडी मात्र चिकूच्या वाड्यांमधल्या एकाकी रस्त्यावर बंद पडते. तेव्हा जागच्या जागी काय तपासायचे, हे इथल्या प्रत्येक स्कूटरवाल्याला यायलाच हवे.

महाराष्ट्राला या बिघाडाची खरी ओळख करून दिली ती बजाज ऑटोच्या चेतकने. ती 1972 मध्ये बाजारात आली. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रियाही त्याच घडणीची. दोन्ही टू-स्ट्रोक, हाताने गिअर टाकायच्या, टाकीतले पेट्रोल उतारानेच कार्ब्युरेटरमध्ये येणारे. गाडीने गचका खाल्ला की चालता चालताच पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर फिरवायचा, हे त्या पिढीच्या हाताला सवयीचे होते. पेट्रोलमध्ये ऑइल जास्त पडले तर प्लगवर काजळी धरून तो शॉर्ट होई. कमी पडले तर पिस्टन तापून जाम होई. डिकीत एक जादा प्लग आणि प्लगपाना ठेवल्याशिवाय लांबचा प्रवास कोणी करत नसे. गाडी एका बाजूला कलती करून मग किक मारण्याच्या प्रथेलाही आधार होता : त्याने फ्लोट चेंबरमधली पातळी बदलून इंजिनात थोडे जास्त पेट्रोल जाई. मात्र प्लग आधीच पेट्रोलने ओला असेल तर हाच उपाय उलटा पडे. 1984 मध्ये कायनेटिक होंडाने बटण-स्टार्ट आणि बिनगिअरची स्कूटर आणली, 2001 मध्ये फोर-स्ट्रोक अॅक्टिव्हा आली, 2009 अखेर बजाजने पेट्रोल स्कूटर सोडून दिल्या. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि नव्या स्कूटरींत कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. तालुक्याच्या रस्त्यांवर आज जुन्या आणि नव्या दोन्ही घडणीच्या गाड्या दिसतात, म्हणून उपाय सांगताना गाडी कोणत्या काळातली हे आधी विचारावे लागते.

गाडी आधी झटके देते, रेस वाढवली तरी ओढत नाही आणि मग हळूहळू बंद पडते, तेव्हा दोष बहुधा पेट्रोलच्या वाटेत असतो. टाकीत पेट्रोल आहे ना, हे काट्यावर विसंबून न राहता झाकण उघडून बघावे. झाकण उघडतानाच कान द्यावा. फुस्स करून हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी निमूट सुरू झाली, तर झाकणाचे श्वासछिद्र बुजले आहे. पेट्रोल खाली उतरते तसतशी टाकीत पोकळी होते, काही किलोमीटरनंतर प्रवाह थांबतो. गाडी थोडा वेळ उभी राहिली की हवा झिरपून पुन्हा चालते. चिखल आणि लाल धूळ बसलेल्या झाकणात हे सहज घडते. टाचणीने छिद्र मोकळे केले की झाले. अशा गाडीचा कार्ब्युरेटर विनाकारण खोलला जातो, पैसे जातात आणि दोष जागेवरच राहतो. कार्ब्युरेटरच्या अॅक्टिव्हासारख्या गाड्यांत कॉक इंजिनाच्या व्हॅक्यूमवर उघडतो. त्याची बारीक रबरी नळी तडकली तरी लक्षण असेच दिसते.

टपरीवर बाटलीतून मिळणाऱ्या पेट्रोलने बरेच घोटाळे होतात. त्यात कचरा असतो, पाणी असते. पंपावरच्या पेट्रोलमध्येही आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषते. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत ते पाणी तळाशी बसते आणि पहिल्याच फेरीत इंजिन अडखळते. असे पेट्रोल काढून टाकणेच बरे. कार्ब्युरेटरचा जेट साफ करताना तार घालू नये. छिद्र किंचित जरी मोठे झाले तरी मिश्रण कायमचे बिघडते. फुंकर किंवा हवेचा पंप पुरतो.

दिवा मालवावा तशी गाडी एका क्षणात बंद पडली, आधी ना झटका ना खोकला, तर संशय विजेवर घ्यावा. किल्लीची जोडणी, फ्यूज, बॅटरीची टोके, प्लगची टोपी, अर्थिंगची वायर या क्रमाने पाहावे. खाऱ्या हवेत टोकांवर हिरवट-पांढरा थर धरतो. तो खरवडून घट्ट केल्यावर कित्येक गाड्या ठणठणीत होतात. इंजिन तापल्यावरच बंद पडते आणि वीस मिनिटांनी थंड होऊन सुरू होते, तर इग्निशन कॉइल किंवा पिकअप कॉइल तपासावी. तापल्यावर गाडी फक्त सिग्नलला, रेस सोडताच बंद होत असेल तर टॅपेट घट्ट झालेले असू शकतात : व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि दाब निसटतो. टॅपेटच्या फटीचे माप इंजिन थंड असतानाच घ्यायचे असते, त्यामुळे रस्त्यात त्यावर उपाय नाही.

प्लग काढून पाहिल्यास बरेच उलगडते. टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर बुजलेला. पांढरेफटक टोक म्हणजे पेट्रोल कमी, इंजिन जास्त तापते आहे. ओले टोक म्हणजे पेट्रोल पोहोचते, ठिणगी पोहोचत नाही. जुन्या गाडीत प्लग टोपीत घालून इंजिनाच्या धातूला टेकवून ठिणगी बघतात. निळी, कडक ठिणगी हवी. आसपास सांडलेले पेट्रोल असेल तर हे करू नये. इंजेक्शनच्या गाडीत प्लग धातूला नीट न टेकवता किक मारल्यास इलेक्ट्रॉनिक युनिट जळू शकते, म्हणून तिथे हा प्रयोग मेकॅनिकवर सोडावा.

इंजेक्शनच्या गाडीत किल्ली फिरवताच टाकीतून दोनेक सेकंद बारीक गुंजन ऐकू येते. तो पंपाचा आवाज. तो नसेल तर आधी फ्यूज, मग पंप. इंजिनाचा पिवळा दिवा चालत्या गाडीत पेटून राहिला, तर तो कधी पेटला ते मेकॅनिकला सांगावे. काही वेळा बिघाडच नसतो : अनेक स्कूटरींत साइड स्टँड खाली असला की इंजिन बंद होते, आणि स्टँडच्या स्विचवर चिखल बसला की गाडीला स्टँड खालीच असल्याचे वाटते. गाडी आडवी पडली तर सुरक्षेसाठी इंजिन आपोआप थांबते; किल्ली बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय ते सुरू होत नाही. काही मॉडेलांत सिग्नलला इंजिन मुद्दाम थांबवणारी सोयही असते.

पावसात साचलेल्या पाण्यातून जाताना गाडी बंद पडली, तर सेल्फ किंवा किक मारण्याचा मोह टाळावा. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेले असेल तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि शे-दोनशेचे काम हजारोंवर जाते. गाडी ढकलून कोरड्यावर घ्यावी, फिल्टरचा डबा उघडून पाहावा, तो ओला निघाल्यास प्लग काढून मगच किक मारावी. नुसती प्लगची टोपीच भिजली असेल तर ती पुसून, वाळवून भागते.

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, चारोटी ते तलासरी या पट्ट्यात गाडी बंद पडल्यास दुरुस्तीला लागण्याआधी ती रस्त्याच्या कडेबाहेर न्यावी. अवजड वाहने तिथे रात्रंदिवस धावतात. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी 1033 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.