ध्वनिमुद्रिका निघण्यापूर्वीं

१९१६ सालीं स्थापन झालेली जलसंशोधनाची जी मोठी संस्था पुण्याजवळ खडकवासल्यास आहे, तेथें धरणाची किंवा बंदराची लहान प्रतिकृति उभारून तींतून पाणी खेळवून पाहतात. प्रवाह कोठें खवळतो, गाळ कोठें सांचतो, हें प्रतिकृतींत कळलें तर दुरुस्तीस खर्च थोडा येतो. तीच चूक दगडचुन्यांत उतरल्यावर सुधारणें महाकठीण. संगीताच्या मुद्रणासहि हाच न्याय लागू पडतो. गायकानें गाइलेलें गाणें मुद्रिकेच्या रूपानें घरोघर जाण्यापूर्वीं मध्यें एक टप्पा असतो. ज्या एका मूळ मुद्रेवरून पुढें हजारों प्रती निघावयाच्या, ती या टप्प्यांत सिद्ध होते. ह्या कामास मास्टरिंग असें नांव आहे. तेथें पोंचण्यापूर्वीं काय काय निश्चित करून ठेवावें लागतें, याचा इतिहास उद्बोधक आहे. कारण त्यावेळीं जें राहून गेलें, तें पुढें कायमचेंच राहून गेलें.

आरंभींच्या काळांत मुद्रणाच्या खोलींत मायक्रोफोन नव्हता. गायकानें कर्ण्याच्या तोंडाशीं गावें, त्या आवाजानें कर्ण्याच्या टोकाचा पडदा थरथरावा, आणि पडद्यास जोडलेल्या सुईनें फिरत्या मेणाच्या जाड तबकडीवर रेघ कोरावी, अशी ती रीति होती. हें मेण वाजवून पाहिलें कीं त्यावरील रेघ खराब होई. म्हणून जें मेण कारखान्यास धाडावयाचें तें गायकास ऐकावयास मिळत नसे. तबला व सारंगी कर्ण्यापासून किती अंतरावर ठेवावयाचीं, हें आधींच ठरवावें लागे. मागाहून एकाचा आवाज चढविणें व दुसऱ्याचा उतरविणें हें त्या काळीं सर्वथा अशक्य होतें.

कारखान्यांत या मेणावर वीज वाहून नेणाऱ्या भुकटीचा लेप देऊन त्यावर तांब्याचा थर चढवीत. थर सोडवून घेतला म्हणजे मेणाची उलटी प्रतिमा हातीं येई. हीच मूळ मुद्रा. तिच्यावरून सुलट ‘माता’, मातेवरून पुन्हा उलटे ठसे, आणि ठशांमध्यें लाखेचें मिश्रण दाबून बाजारांत जाणारी तबकडी, अशी ही वंशपरंपरा होती. १९०८ सालीं कलकत्त्यास कारखाना सुरू झाला. तत्पूर्वीं ग्रामोफोन कंपनीनें हिंदुस्थानांत घेतलेल्या गाण्यांच्या तबकड्या जर्मनींतील हानोव्हर येथें तयार होत. गायक आणि कारखाना यांच्यामध्यें असा समुद्र पसरलेला असे.

यांतूनच एक मौजेची प्रथा पडली. नोव्हेंबर १९०२ मध्यें फ्रेड गैसबर्ग यांनीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गायन मुद्रित केलें. गाणें संपतांच त्या इंग्रजींत आपलें नांव उच्चारतात. पुष्कळांस यांत नखरा दिसतो. परंतु परदेशांतील कारागिरांस ना भाषा कळे, ना राग. मेण कोणाचें हें ओळखून तबकडीवर योग्य नांव छापण्यास तो उच्चार उपयोगी पडे. मुद्रणाबरोबर त्याची ओळखहि पाठवावी लागते, हा धडा अशा रीतीनें पहिल्याच वर्षीं मिळाला.

दुसरा धडा वेळेचा. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे. रंगभूमीवर बालगंधर्वांचें पद ‘वन्स मोअर’च्या गजरांत कितीहि लांबलें तरी प्रेक्षकांस हवेंच असे, तेंच पद तबकडीसाठीं तीन मिनिटांत बसवावयाचें. मुखडा किती वेळां घ्यावयाचा, अंतरा कोठें उचलावयाचा, याचा हिशेब गाण्यापूर्वींच करावा लागे. कांहीं थोर गवयांची कला तर या हिशेबाच्या बाहेरच राहिली. पुण्यास भारत गायन समाज स्थापणारे आणि १९१६ सालीं रंगभूमीवर आलेल्या ‘स्वयंवर’ नाटकास चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. त्यांच्या गळ्याची एकहि मुद्रिका उपलब्ध नाहीं. अल्लादियाखां १९४६ पर्यंत हयात होते. त्यांचाहि आवाज मागें उरला नाहीं. त्यांची थोरवी आज शिष्यांच्या मुखानेंच जाणून घ्यावी लागते.

जे आवाज उरले, त्यांच्या वांट्यास निराळीच अडचण आली. जुन्या तबकडीचा वेग मिनिटास ७८ फेरे, असें सर्वसाधारणपणें मानतात. परंतु आरंभींच्या काळांत तो सर्वत्र एकसारखा नव्हता. ७५ फेऱ्यांनीं कोरलेली तबकडी ७८ नें वाजविली, तर गायकाचा षड्ज चढतो. आणि तोहि थोडाथोडका नव्हे, तर पेटीवरील पांढरी एक व काळी एक यांमध्यें जें अंतर आहे त्याच्या जवळजवळ दोन तृतीयांश. लयहि त्याच मानानें वाढते. अब्दुल करीमखां यांनीं १९०५ च्या सुमारास मुद्रिका दिल्या, आणि पुढें १९३७ मधील मृत्यूपूर्वींच्या कांहीं वर्षांतहि दिल्या. या दोन काळांतील त्यांच्या आवाजाची तुलना करूं म्हणणारास प्रथम वेगाचा निर्णय करावा लागतो. त्या दिवशीं गायकाची पट्टी कोणी कागदावर टिपून ठेविली असती, तर या तर्कास कारणच उरलें नसतें.

१९२५ पासून विजेच्या साह्यानें मुद्रण होऊं लागलें, दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फीत सर्वत्र पसरली, आणि १९४८ सालीं अमेरिकेंत दीर्घकाळ वाजणारी तबकडी निघाली. फितीमुळें चुकलेला भाग कापून नवा जोडतां येऊं लागला. परंतु फितीवरचें सर्वच तबकडीवर उतरत नसे. खर्ज फार झाला तर रेघ रुंद होऊन शेजारच्या रेघेस भिडे. म्हणून कोरतांना खर्ज कमी व तार स्वर अधिक करावयाचे आणि वाजवितांना यंत्रानें तें उलट करावयाचें, असें ठरलें. अमेरिकेंत १९५४ सालीं याचें प्रमाण निश्चित झालें. तबकडीच्या मध्याकडे तार स्वर मंदावतात, म्हणून शेवटीं शांत गाणें ठेवणें हिताचें ठरे. फितीवरून तबकडी कोरणाराची अशी एक स्वतंत्र विद्या झाली.

याच सुमारास पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावरून १९५५-५६ मध्यें गदिमांचें ‘गीतरामायण’ प्रक्षेपित झालें. आठवड्यास एक याप्रमाणें छप्पन गीतें, चाली सुधीर फडके यांच्या, आणि गाणारे मात्र माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे अनेक. पुढें तबकड्या निघाल्या त्या फडके यांच्या एकट्याच्या आवाजांत. प्रक्षेपणासाठीं गाणें आणि प्रकाशनासाठीं गाणें ह्या दोन निरनिराळ्या सिद्धता आहेत, हें यावरून ध्यानांत यावें.

१९८२ सालीं अंकांवर आधारलेली छोटी तबकडी बाजारांत आली. तिच्यांत आवाजाचें मोजमाप सेकंदास ४४,१०० वेळां घेतलें जातें. येथें मेणाची नाजूक रेघ नाहीं, पण कमाल मर्यादा कठोर आहे. आवाज तिच्यावर गेला कीं त्याचा माथा कापला जातो. तरीहि आपली मुद्रिका शेजारच्यापेक्षां मोठ्यानें वाजावी या ईर्ष्येनें निर्माते ध्वनि दाबून दाबून वर चढवूं लागले. ख्यालाचा मंद्र आलाप आणि द्रुत तान एकाच जोरानें ऐकूं आल्यास राग उरला कोठें? आतां गाणीं पुरविणाऱ्या अनेक सेवा आवाज मोजून सर्वांस एका पातळीवर आणतात. तेव्हां त्या खटाटोपांतून लाभहि उरलेला नाहीं.

आज खडकवासल्याच्या एखाद्या घरांतील खोलींतहि संगणकावर उत्तम मुद्रण करतां येतें. म्हणूनच पूर्वतयारीचे जुने नियम घरोघर ठाऊक असावेत. सर्वांत जोरकस तान मर्यादेच्या तीन ते सहा डेसिबल खालीं राहूं द्यावी. चढविण्या-दाबण्याचें यंत्र शेवटच्या मिश्रणावर लावूं नये. तें काम मूळ मुद्रा सिद्ध करणाराचें. चोवीस बिटांचें मुद्रण ज्या मापानें घेतलें त्याच मापानें, न आवळतां, पुढें पाठवावें. तंबोऱ्याची आरंभींची व अखेरची आस घाईनें छाटूं नये. आणि गायक, साथीदार, राग, ताल, पट्टी व तारीख हीं स्वच्छ लिहून सोबत द्यावींत.

मूळ मुद्रा सिद्ध करणारा कारागीर घासूनपुसून तेज आणूं शकतो. परंतु जो स्वर कापला गेला, जी पट्टी कोणी टिपली नाहीं, जें नांव कोणी लिहिलें नाहीं, तें त्यास कोठून आणतां येणार? वृद्ध गायिकेची चीज एकदांच मिळते. ती प्रकाशनास धाडण्यापूर्वीं एक सबंध दिवस या तयारीस दिला, तर पुढील शंभर वर्षांच्या श्रोत्यांस तर्क करीत बसावें लागणार नाहीं.