बंधू गोन्सालो यांची जपानी भाषा

आमच्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेंत एखादा इतिहासविषयक लेख असावा, अशी सूचना आली, तेव्हां आम्हीं वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचें चरित्र पुन्हां वाचावयास घेतलें. वसई प्रांतांतील भाविकांस हें नांव नवें नाहीं. दर फेब्रुवारींत त्यांच्यावर प्रवचन होतें आणि त्यांत बहुधा क्रूस व भाले यांचेंच वर्णन असतें. आम्हींही पंचवीस वर्षें तसेंच करीत आलों. परंतु चाळीस वर्षांच्या आयुष्यांतील एकाच सकाळीं आम्ही लक्ष द्यावें, हें त्या पुरुषास न्याय देणारें नाहीं.

गोन्सालो यांचा जन्म इ. स. १५५७ च्या सुमारास वसई येथें झाला. पिता पोर्तुगीज, माता एतद्देशीय. येशूसंघीय धर्मगुरूंच्या देखरेखीखालीं त्यांचें शिक्षण झालें व पंधरा-सोळा वर्षांचे असतां, त्याच संघाच्या धर्मगुरूंबरोबर, ते जपान देशीं गेले. तेथें सुमारें आठ वर्षें त्यांनीं धर्मशिक्षकाचें काम केलें. याच काळांत ते जपानी भाषा शिकले, आणि आमच्या मतें त्यांच्या सर्व पुढील चरित्राची किल्ली येथें आहे. तूं, तुम्ही आणि आपण यांतील भेद मराठी माणसास ठाऊक असतो. जपानी भाषेंत आदराच्या पायऱ्या याहूनही पुष्कळ आहेत, आणि कोणापुढें कोणतें क्रियापद वापरावें हें चुकल्यास बोलणारा ग्राम्य ठरतो. अशी भाषा केवळ पुस्तकावरून येत नाहीं. लोकांच्या घरीं जाऊन, त्यांच्या हंसण्यास पात्र होऊन, पुन्हां पुन्हां विचारून ती येते. गोन्सालो यांस ती उत्तम आली.

येशूसंघांत प्रवेश मिळावा, अशी त्यांची उत्कट इच्छा होती. ती सफळ झाली नाहीं. इतकीं वर्षें सेवा करूनही दार उघडलें नाहीं, तेव्हां ते निराश होऊन बाहेर पडले.

येथें आम्हांस थोडें थांबावेंसें वाटतें. सेमिनरींतून परत आलेल्या मुलाकडे आमच्या गांवांत कोणत्या नजरेनें पाहतात, हें वाचकांस सांगणें नको. 'काय घडलें असेल' याची कुजबूज होते, आईबापांस मिस्सेला येण्याची लाज वाटते. आमच्याच वर्गांतील एक सोबती दुसऱ्या वर्षीं घरीं पाठविला गेला. आम्हीं त्यास एक पत्रही टाकिलें नाहीं. काय लिहावें तें सुचलें नाहीं, अशी तेव्हां आम्हीं मनाची समजूत घातली. आज ती समजूत पटत नाहीं.

गोन्सालो व्यापारांत शिरले. त्यांस यश आलें, आणि भाषेच्या ज्ञानाचा त्या यशांत मोठा वाटा असला पाहिजे. आमच्या प्रांतांतील तरुण आज जहाजांवर व आखाती देशांत जातात, तेथें कष्टानें कमावितात. त्यांस नांवें ठेवण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. गोन्सालो यांची कमाईही प्रामाणिक कष्टाचीच होती. मात्र तिच्यानें त्यांचें समाधान झालें नाहीं. व्यापारानिमित्त ते फिलिपाईन्स बेटांतील मनिला शहरीं गेले असतां फ्रान्सिस्कन व्रतस्थांशीं त्यांचा परिचय झाला, आणि पेढी सोडून ते त्या संघांत बंधू म्हणून दाखल झाले. ते धर्मगुरू कधींच झाले नाहींत, हें प्रवचनकारांनीं विसरूं नये.

जपानचा सत्ताधीश टोयोटोमी हिदेयोशी यानें १५८७ सालींच परदेशी धर्मगुरूंना देश सोडण्याची आज्ञा दिली होती. पुढें त्यानें फिलिपाईन्सकडून मांडलिकत्वाची मागणी केली, तेव्हां तेथील स्पॅनिश गव्हर्नरानें बोलणीं करण्यास १५९३ सालीं फादर पेद्रो बाप्टिस्टा यांस पाठविलें. या कामीं दुभाषी कोण असावा, हा प्रश्नच उरला नाहीं. कोरियाच्या युद्धांत गुंतलेल्या त्या तापट अधिपतीसमोर वसईचा हा बंधू उभा राहिला आणि त्याच्याच दरबारी भाषेंत बोलला. फ्रान्सिस्कनांस राहण्याची परवानगी मिळाली.

क्योटो येथें त्यांनीं मठ बांधला व कुष्ठरोग्यांसाठीं संत अॅना व संत योसेफ यांच्या नांवें दोन इस्पितळें चालविलीं. त्या काळीं कुष्ठरोगी म्हणजे घरच्यांनींही टाकलेला मनुष्य. त्याची जखम धुणें परक्यासही शक्य होतें. परंतु त्याला काय हवें, त्यास कशाची भीति वाटते, हें त्याच्या भाषेंत ऐकून घेणारा त्या परदेशी बंधूंत गोन्सालोंच्या तोडीचा दुसरा नव्हता. धर्मशिक्षक असतां शिकलेली आणि व्यापारांत वापरलेली ती भाषा आतां रोग्यांच्या अंथरुणाशीं उपयोगी पडूं लागली.

पुढील हकीकत सर्वश्रुत आहे. ऑक्टोबर १५९६ मध्यें 'सान फेलिपे' नांवाचें स्पॅनिश गलबत तोसाच्या किनाऱ्यास लागलें. त्यावरील मालाची जप्ती झाली, वाद वाढला, मिशनऱ्यांमागून सैन्य येतें असा संशय बळावला. डिसेंबरांत धरपकड झाली. बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग कापून, ऐन हिंवाळ्यांत त्यांस नागासाकीपर्यंत नेण्यांत आलें. दि. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांस क्रुसांवर बांधून भाल्यांनीं मारिलें. त्यांत सहा फ्रान्सिस्कन व तीन येशूसंघीय होते. बाकीचे सतरा जण जपानी प्रापंचिक भाविक होते. त्यांपैकीं लुईस इबाराकी बारा वर्षांचा होता. गोन्सालो टेकडीवर प्रथम पोंचले व आपला क्रूस कोणता तें त्यांनीं विचारलें, असें सांगतात. ज्या संघानें त्यांस घेतलें नव्हतें, त्याचे तिघेजण त्याच रांगेंत होते.

१६२७ सालीं त्यांस धन्यवादित पद व ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांच्या हस्तें संतपद मिळालें. भारतभूमींत जन्मलेले ते पहिले संत. त्या वेळीं मराठ्यांनीं वसईचा किल्ला घेऊन एकशें तेवीस वर्षें झालीं होतीं, आणि ज्या वाटांनीं ते लहानपणीं शाळेस जात, तेथें झाडें माजलीं होतीं.