ख्रिस्तपुराण कसें टिकलें ?

आबिसिनियाकरितां निघालेला छापखाना १५५६ सालीं गोव्यास उतरला व तेथेंच राहिला. हिंदुस्थानांतील मुद्रणाचा आरंभ तो हाच. पुढें १६१६ सालीं फादर थॉमस स्टीफन्स यांचें मराठी ख्रिस्तपुराण राचोल येथें छापिलें गेलें. परंतु देवनागरी खिळे नसल्यामुळें रोमन लिपींत. १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. आज ह्या तिहींपैकीं एकही छापील प्रत आढळत नाहीं. मग दहा हजारांहून अधिक ओंव्यांचा हा ग्रंथ आम्हांपर्यंत आला कसा ? भाविकांनीं हातानें उतरून घेऊन पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या पोथ्यांमुळें ! त्यांवरूनच १९०७ सालीं मंगळूर येथें तो पुनः छापण्यांत आला. प्रिय धर्मबंधुभगिनींनो, घरच्या जुन्या वह्या रद्दींत घालण्यापूर्वीं हें स्मरावें, इतकीच आमची विनंति आहे.