मणिबेली ते वॉशिंग्टन : आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात नंदुरबार

आंतरराष्ट्रीय संबंध म्हटले की राजदूत, तह आणि शिखर परिषदा डोळ्यांसमोर येतात. तथापि या विषयाच्या संशोधकांनी आपल्या जिल्ह्यातील नर्मदाकाठच्या गावांचीही दखल घेतली आहे. वाचकांच्या माहितीसाठी त्या अभ्यासाचा थोडक्यात परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

पार्श्वभूमी

नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ साली अंतिम निवाडा दिला. १९८५ साली जागतिक बँकेने सरदार सरोवर प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलर्सचे साहाय्य मंजूर केले. महाराष्ट्रातील बुडिताखाली येणारी ३३ गावे अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील होती. त्या वेळी हे तालुके धुळे जिल्ह्यात मोडत. (नंदुरबार जिल्ह्याची निर्मिती १ जुलै १९९८ रोजी झाली.) भिल्ल व पावरा बांधवांचे म्हणणे स्थानिक कार्यालयांत ऐकले जाईना, तेव्हा नर्मदा बचाव आंदोलनाने ते परदेशांतील पर्यावरणवादी संस्था, वृत्तपत्रे आणि लोकप्रतिनिधी यांच्यापर्यंत पोहोचविले. १९९१ साली बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. पुनर्वसनातील गंभीर उणिवा दाखवून समितीने जून १९९२ मध्ये बँकेला माघारीचा सल्ला दिला. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उर्वरित कर्ज नाकारले. त्याच वर्षी बँकेने बाधितांच्या तक्रारींसाठी तपासणी मंडळ स्थापन केले. १९९४ च्या जाहीरनाम्याला अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीचे नाव देण्यात आले. मोठ्या धरणांना बँकेने अर्थसाहाय्य देणे थांबवावे, अशी त्याची मागणी होती.

संशोधकांची मांडणी

मार्गारेट केक व कॅथरिन सिकिंक यांनी १९९८ च्या ग्रंथात ‘बूमरँग’ ही संकल्पना मांडली. स्वदेशातील शासनाची दारे बंद झाली, की दुर्बल समूह परदेशांतील मित्रांकडे वळतात. ते आपल्या शासनांवर व जागतिक संस्थांवर दबाव आणतात आणि तो दबाव फिरून मूळ शासनावर येतो. संजीव खगराम यांनी २००४ च्या ग्रंथात नर्मदेचे उदाहरण सविस्तर अभ्यासले. परदेशी पाठिंब्याइतकेच देशातील संघटित आंदोलन आणि लोकशाही व्यवस्था यांनाही त्यांनी महत्त्व दिले आहे.

मर्यादा

कर्ज थांबले, धरण थांबले नाही. देशांतर्गत निधीतून काम चालू राहिले, १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांधकामास अनुमती दिली आणि २०१७ साली धरणाचे लोकार्पण झाले. कच्छ व सौराष्ट्रातील तहानलेल्या गावांना त्याचे पाणी मिळाले, हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. परकीय दबावाने सावकार मागे हटू शकतो. परंतु जमीन देणे न देणे अखेर आपल्याच शासनाच्या हाती राहते.

येथे माध्यमांच्या अभ्यासकांपुढे एक प्रश्न उभा राहतो. भिली वा पावरी बोलीत सांगितलेली व्यथा मराठीत, हिंदीत आणि मग इंग्रजीत जाते. प्रत्येक टप्प्यावर काही गळते, काही नवे चिकटते. वॉशिंग्टनला पोहोचते तेव्हा घर, शेत आणि देवस्थान यांचे ‘पर्यावरण’ झालेले असते. ऐकणाऱ्याला उमजेल असे बोलावे, तर आपले म्हणणे बदलते. न बोलावे, तर कोणी ऐकत नाही. आमच्या मते नर्मदाकाठच्या अनुभवाचा हा सर्वांत मोलाचा धडा आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी वयोवृद्धांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत नोंदवून ठेवल्या, तर या संशोधनातील मोठी उणीव भरून निघेल.